दोनय एकच

मावशीची लालबागची चाळ पुनर्विकासाला गेली, तेव्हापासून ती आमच्याकडे भांडुपला असते. गुडघे तिला फार फिरू देत नाहीत आणि मजल्यावरच्या शेजारणी विरार, दिवा, बदलापूर अशा पांगल्या. मग दिवसभर आमच्या घरातल्या वस्तूंची उलटतपासणी चालते. मिक्सर असा का वाजतो, एवढ्या चपला कोणाच्या, देवाच्या कोनाड्यात बल्ब कशाला. जुलैतल्या एका दुपारी बाहेर इतका पाऊस होता की समोरची इमारत दिसत नव्हती. मी कपाटातून दोन चपटे डबे काढून टेबलावर ठेवले होते, एक निळा आणि एक सोनेरी. दोन्ही कॅपस्टनचे, दोन्हींत पाइपची तंबाखू, दाबून कापलेल्या पातळ पट्ट्यांची. बुरशी धरलेली नाही ना एवढंच मला बघायचं होतं. मावशीनं काही न विचारता निळा डबा उचलला, उघडला, नाकाशी नेला. मग सोनेरी. मग पुन्हा निळा. डोळे मिटून. आणि दोन्ही परत ठेवत म्हणाली, "दोनय एकच रे. ही जरा ओली आसा, इतक्याच." आणि टीव्हीकडे वळली.

मला ते लागलं. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर सोडून दिलं असतं. ज्याला पाइपचा नाद नाही त्याला सगळ्या डब्यांचा वास सारखाच येतो, आणि त्यात वावगं काही नाही. मला गुलाबाच्या कलमांतला फरक कळत नाही, आमच्या खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांना कळतो. पण मावशी तंबाखूच्या बाबतीत परकी नव्हे. आमच्या सगळ्या खानदानात तंबाखू तिच्याइतकी कोणी हाताळलेली नाही.

ती मशेरी भाजायची. ज्यांनी चाळीत मशेरी भाजताना अनुभवली नाही त्यांना सांगून कळणार नाही, आणि ज्यांनी अनुभवली आहे त्यांना हे वाक्य वाचतानाच ठसका लागेल. दुपारची जेवणं आटोपली, पुरुष मिलमध्ये नाहीतर झोपलेले, की गॅलरीच्या टोकाला स्टोव्ह लागायचा. त्यावर एक काळाकुट्ट तवा, ज्याच्यावर दुसरं काहीही कधी भाजलं गेलं नाही. त्यात तंबाखूची पानं चुरून टाकायची आणि हलवत राहायची. आधी एक गोडसर, उबदार वास यायचा, अगदी दोन-चार मिनिटं, आणि तेवढ्यात वाटायचं की हे खायला हरकत नाही. मग एकदम तो तिखट, डोळ्यांत जाणारा धूर. आम्ही पोरं जिन्याखाली पळायचो. भाजून झालं की तळहातानं चुरगळून पूड, आणि ती पूड डबीत. सकाळी दातांना आणि दुपारी "जरा". मजल्यावरच्या प्रत्येक बाईचा भाजण्याचा हात वेगळा होता आणि त्यावरून बोलणी होत. कोणाची कच्ची राहते, कोणाची करपते, कोणाची चढत नाही. मावशीकडे बाकीच्या बायका मागायला यायच्या, कारण तिला तव्यावरून उतरवण्याची वेळ कळायची. ती वेळ बघून कळत नसे, वासावरून कळे. पुढे एका दातांच्या डॉक्टरनं तिला आरशात गालाच्या आतला पांढरा चट्टा दाखवला आणि तिनं त्याच दिवशी डबी गॅलरीतून खाली उपडी केली. त्यानंतर तिनं मशेरी लावली नाही. पण नाक गेलं नाही.

तर अशा नाकानं सांगितलं होतं की दोन्ही एकच.

पाइप आमच्या घरात मामांनी आणला. मावशीचा थोरला भाऊ, जहाजावर खलाशी म्हणून चढला आणि सुकाणी होऊन उतरला. नऊ-दहा महिन्यांनी घरी आले की पत्र्याची ट्रंक उघडायची आणि आम्ही भोवती. चॉकलेटं, साबण, टेरिलिनचं कापड, एखादा ट्रान्झिस्टर, आणि सगळ्याला एकच वास. चॉकलेटलाही. तो त्या डब्यांचा वास होता. जहाजावर बॉन्डेड स्टोअरमधून तंबाखू करमाफ मिळायची, कॅप्टनच्या वहीत नावापुढे लिहून, पगारातून कापून. सिगारेटी वाऱ्यात भसाभसा जळून जातात, पाइप हाताच्या आडोशाला धरता येतो आणि विझला तरी वाया जात नाही, म्हणून त्यांनी पाइप धरला असं ते सांगत. मला आता वाटतं त्यात थोडी ऐट पण असणार. लालबागच्या गॅलरीत, जिथे झाडून सगळे बिडी ओढत नाहीतर तंबाखू मळत, तिथे मामा लेंगा आणि गंजीफ्रॉकवर लाकडी आरामखुर्चीत पाइप घेऊन बसायचे. "साहेब इलो" असं कोणीतरी म्हणायचंच. मामा हसायचे आणि पाइपच्या दांड्यानं कान खाजवायचे.

त्यांची तंबाखू कॅपस्टन. ब्रिस्टलच्या विल्स कंपनीचं हे नाव. मुंबईकरांना ते सिगारेटमुळे माहीत आहे, कारण 1910 साली कलकत्त्यात इम्पीरियल टोबॅको स्थापन झाली आणि विल्सच्या नावांनी हा देश भरून गेला. पण मामांच्या डब्यात सिगारेटची तंबाखू नव्हती. नेव्ही कट म्हणतात तो प्रकार होता. पानं एकावर एक रचून, दाबून, वडी करून ठेवतात आणि मग तिच्या पातळ पट्ट्या कापतात. दाबाखाली पानांचा रस एकमेकांत मुरतो, रंग पिवळ्याचा तपकिरी होतो, आणि कोवळा कडकपणा जातो. मामा पट्टी घेऊन तळहातावर चोळायचे, चिमटीनं पाइपात भरायचे, अंगठ्यानं दाबायचे. त्या अंगठ्याचं टोक कायमचं पिवळं होतं. आधी निळा डबा यायचा. शेवटच्या काही खेपांना सोनेरी यायला लागला. आईनं एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "वय झालं." तेवढंच उत्तर. मी ते वर्षानुवर्षं डोक्यात ठेवून बसलो होतो. निळ्यात असं काय होतं की वय झाल्यावर सोडावं?

मोठा झाल्यावर, नोकरी लागल्यावर, मीही पाइप घेतला. चोरबाजारात मटन स्ट्रीटवरच्या एका दुकानात पितळी दिव्यांच्या खाली खोक्यात पडलेला, दातांच्या खुणा असलेला. घासून, स्पिरिटनं धुऊन घेतला. त्याबद्दल अभिमानानं सांगण्यासारखं काही नाही. फार ओढत नाही, रविवारी वगैरे. बायकोला आवडत नाही, मुलाला हसू येतं, आणि डब्यावर जे चित्र छापलेलं असतं त्याच्याकडे मी न बघता झाकण उघडायला शिकलो आहे. परळला टाटा हॉस्पिटलच्या फुटपाथवर माणसं पथाऱ्या टाकून बसलेली असतात, सोलापूरपासून पाटण्यापर्यंतची, कपाळाला फाइल लावून ऊन अडवणारी. लालबागला जाता-येता मी ती लहानपणापासून बघतो आहे. ते हॉस्पिटल 1941 चं आहे, आमच्या चाळीच्या जवळपास वयाचं. मामा शेवटी शेवटी चार पायऱ्या चढले की थांबायचे. हे सगळं माहीत असून मी दोन डबे समोर ठेवून कुठला चांगला याचा विचार करतो. यात काही मेळ बसत नाही आणि मी बसवायला जात नाही.

तर निळा आणि सोनेरी. दोन्हींत मुळात व्हर्जिनिया पान. व्हर्जिनियाचं वैशिष्ट्य असं की ते बंद खोलीत, नळ्यांतून फिरणाऱ्या उष्णतेवर वाळवतात. धूर पानाला लागत नाही आणि काही दिवसांतच पान पिवळंधमक होऊन थांबतं, त्यामुळे त्यातली साखर तशीच राहते. आंध्रात आणि म्हैसूरकडे हेच पान पिकतं. तंबाखू मंडळ 1976 पासून गुंटूरला आहे ते त्यामुळेच. उलट बर्ले नावाचं जे पान आहे, अमेरिकन मिश्रणांत असतं ते, नुसत्या हवेवर सावलीत कित्येक आठवडे टांगून ठेवतात. ते पान मरता मरता आपलीच साखर खाऊन टाकतं. म्हणून बर्लेला स्वतःचा गोडवा जवळजवळ नसतो आणि वरून लावाल तो वास ते शोषून घेतं. व्हॅनिला, चेरी, रम, जे काय लावाल ते. मॉलमध्ये एखाद्या माणसाच्या पाइपाचा वास केकसारखा येतो तो याचा. आणि आपल्या निपाणीची तंबाखू वेगळीच. ती उन्हात वाळते, बिडीत जाते, आणि तिच्याबद्दल परदेशातले पाइपवाले एक अक्षर लिहीत नाहीत. ती ओढणारे लिहीत बसत नाहीत, हेही आहे.

एका पानाची, एका घराण्याची, एकाच पद्धतीनं दाबलेली दोन मिश्रणं वेगळी कशी करायची, हा खरा कठीण प्रश्न. लटाकिया, म्हणजे धुरावर धरलेली उग्र वासाची तंबाखू, घातलेलं मिश्रण आणि बिनलटाकियाचं यांतला फरक कोणीही ओळखेल, झोपेतसुद्धा. ज्यांना हा नाद आहे ते निळ्याबद्दल लिहितात की त्यात सुक्या अंजिराची छटा आहे, सोनेरीत गवताची आणि लिंबाच्या सालीची. मी हे वाचून डबा उघडला की मला अंजीर येतं. न वाचता उघडला असता तर आलं असतं का, हे आता कसं ठरवणार? एकदा कोणी ढगात हत्ती दाखवला की मग घोडा दिसत नाही.

शिवाय मुंबई. पाइपच्या तंबाखूबद्दल जे काही लिहिलेलं सापडतं ते थंड आणि कोरड्या देशांत बसून लिहिलेलं असतं. त्यांची काळजी ही की तंबाखू वाळून जाईल, मग डब्यात ओल्या मातीचा तुकडा ठेवा, सफरचंदाची फोड ठेवा. इकडे जुलैत हवेत आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर, चामड्याच्या पट्ट्यावर हिरवी बुरशी, मीठ बरणीत दगड झालेलं. सफरचंदाची फोड ठेवली तर आठवड्यात डब्यात शेती होईल. तंबाखू हवेतलं पाणी ओढून घेते. जानेवारीत उघडलेला डबा आणि जूनमध्ये उघडलेला डबा, आतलं पान एकच असलं तरी ओढताना एक नसतं. ओली तंबाखू पेटत नाही. पेटली की वाफ होते, वाफ जिभेला चटका देते, आणि माणूस म्हणतो, "ही कडक आहे." फार कोरडी असेल तर भरभर जळते, तापते, गोडवा जळून जातो, आणि माणूस म्हणतो, "ही फिकी आहे." मग भरायची पद्धत आली. तीच पट्टी घडी करून तशीच भरली तर सावकाश, गार जळते. चोळून मोकळी करून भरली तर लवकर. तीच पट्टी, तोच पाइप. मावशीला एका वासात जे कळलं, ही जरा ओली, त्यावर जगभरचे पाइपवाले पानंच्या पानं खर्च करतात. निळा डबा मी मेमध्ये उघडला होता, सोनेरी पाऊस लागल्यावर. ओली कोणती ते सांगायला नको.

मग मी ठरवलं की हे नीट करायचं. हा हट्टीपणा मामांच्या बाजूचा.

पहिली अडचण अशी की पावसाळ्यात मुंबईत काही वाळतच नाही. पंख्याखाली ठेवलेली तंबाखू दुसऱ्या दिवशी आणखी मऊ लागली. शेवटी दोन स्टीलच्या ताटल्यांत दोन्ही पट्ट्या मोकळ्या करून पसरल्या आणि झोपायच्या खोलीत एसी लावून ठेवल्या. वर्तमानपत्राचा कागद मुद्दाम टाळला, शाईचा वास उतरतो. मधून मधून चिमटीत दाबून बघायचं. दाबून सोडली की गोळा राहिली तर ओली, कुरकुरली तर गेली, हळूच उलगडली तर बरोबर. दोन्ही एका वेळी उलगडायला लागेपर्यंत वाट बघितली. पाइप दोन, मक्याच्या बुरकुंडाचे, एकाच मापाचे, कोरे. हे मिसूरीतल्या वॉशिंग्टन नावाच्या गावात 1869 पासून बनतात, स्वस्त असतात, आणि त्यांत आधीच्या तंबाखूचा वास शिरलेला नसतो. लाकडी पाइपात एकदा लटाकिया ओढली की महिनोन्महिने प्रत्येक तंबाखूत ती डोकावते, म्हणून ही खबरदारी. भरायचं काम बायकोनं केलं, नाकाला पदर लावून, स्वयंपाकघरात, माझ्या पाठीमागे. एकाला लाल दोरा बांधला, एकाला नाही, आणि कोणता कुठला ते सिलिंडरच्या कॅलेंडरवर मागच्या बाजूला लिहून ठेवलं. एका संध्याकाळी एकच. दोन लागोपाठ ओढले तर पहिल्यानं जीभ बधिर होते आणि दुसऱ्यावर अन्याय होतो.

पाइपचा पहिला एक तृतीयांश भाग, काही नाही. खरंच काही नाही. कोणी विचारलं असतं तर मी मावशीचंच वाक्य म्हटलं असतं. उबदार, गोडसर, गवताळ, दोन्ही. खाली सोसायटीच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि मी गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून डोळे मिटून वासाचे शब्द शोधत होतो, आणि शब्द सगळे वाचलेलेच येत होते. मधल्या भागात लाल दोऱ्याचा जरा जड वाटला, पण ते मनानं ठरवलेलं असू शकतं. बिनदोऱ्याचा शेवटपर्यंत तसाच राहिला, सपाट, शांत, संपला तेव्हा कळलंही नाही. लाल दोऱ्याचा मात्र शेवटच्या चिमटीला बदलला. चव बदलली असं नाही म्हणणार. पोटात काहीतरी हललं, उचकी लागली, कपाळावर घाम आला आणि मी पाइप खाली ठेवला. निकोटीन. नाकाला काही सांगून येत नाही, जिभेलाही फारसं नाही, अंगाला सांगतं. लाल दोरा निळ्याचा होता. कॅलेंडर उलटं करून बघायच्या आधीच मला माहीत होतं.

मामा म्हणाले होते, वय झालं.

हे मी मावशीला सांगितलं, कारण कोणाला तरी सांगणं भाग होतं आणि बायको ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती. वासात फरक नाही, ताकदीत आहे, असं मी जरा विजयी सुरात म्हणालो. तिनं लसूण सोलता सोलता मान वर केली. "मगे? खयची चढता, ता म्हत्वाचा. वास कित्याक हुंगूक बसलंस?" आणि मग, विचारलं नसताना, तिनं मला गॅलरीतली ती सगळी बोलणी पुन्हा ऐकवली. कोणाची मशेरी नुसती वासाला चांगली होती आणि कोणाची लावल्यावर क्षणभर भिंत धरावी लागे. वासाला चांगली करणं सोपं, तवा लवकर उतरवला की झालं. पण फार लवकर उतरवली तर हिरड्यांना झोंबते, उशिरा उतरवली तर नुसता कोळसा, ना वास ना जोर. हे सगळं ती अशा बारकाईनं सांगत होती की मला वाटलं, आता हिच्या हातात एखादी डबी दिली तर? आणि त्या विचारानं माझ्या अंगावर काटा आला, कारण तो पांढरा चट्टा मी बघितलेला आहे.

वडील मिलमध्ये होते. त्यांच्या खिशात गाय छापची पुडी आणि चुन्याची डबी, आणि डाव्या तळहातावर उजव्या अंगठ्याची ती लय, जी मिलच्या भोंग्याइतकी आमच्या घरात ऐकू यायची. त्यांनाही पुड्यांतला फरक कळायचा. ही कोपऱ्यावरच्या पानवाल्याची, त्याच्याकडे माल पडून राहतो. ही स्टेशनजवळची, ताजी. चुना तर इतका मोजून की बघत राहावं. कमी पडला तर तंबाखू "मरते", जास्त झाला तर तोंड सोलतं. खूप नंतर मला कळलं की हे मोजमाप किती बरोबर होतं. चुन्यानं तंबाखूची आम्लता मोडते, निकोटीन मोकळं होतं, आणि गालाच्या आतून झपकन रक्तात जातं. तोच चुना गाल खातो. व्हर्जिनियाच्या पानात मुळातच साखर जास्त, धूर आम्लाकडे झुकलेला, म्हणून तोंडातल्या तोंडात ओढला तर निकोटीन सावकाश चढतं, शेवटच्या चिमटीला उचकी लागेपर्यंत. वडिलांना हे आम्ल-अल्कली काही माहीत नव्हतं, पण त्यांचा अंगठा ते रोज करत होता. निळा-सोनेरीचा हा जो मी सोहळा केला, ताटल्या, एसी, लाल दोरा, तसला सोहळा आमच्या चाळीत रोज दुपारी, काही न लिहिता, कोणी न बघता चालायचा. फक्त त्याला कोणी शौक म्हटलं नाही. व्यसन म्हटलं. माझ्यालाही तेच म्हणायला हवं, पण डबा टिनचा असला आणि त्यावर इंग्रजीत नाव असलं की लोक जरा आदरानं विचारतात, "कोणती तंबाखू?" हा आदर मला आवडतो, आणि आवडतो हे खटकतंही.

हे सगळं मी पार्ल्याच्या मित्राला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, तू सोपा पेपर सोडवलास. त्याचा पेपर खरंच अवघड आहे. त्याच्याकडे डनहिलचं माय मिक्श्चर 965 आहे, एक जुनं आणि एक नवं. आल्फ्रेड डनहिलनं 1907 साली लंडनला ड्यूक स्ट्रीटवर दुकान काढलं आणि गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे मिश्रण करून देऊन ते वहीत नंबर घालून लिहून ठेवायला सुरुवात केली. 965 हा त्यातलाच एक नंबर. म्हणजे कोणा एका गिऱ्हाइकाची खाजगी खोड, जी पुढे जगभर डब्यांतून गेली. ही तंबाखू आधी डनहिल स्वतः करायचे, मग 1981 पासून बेलफास्टच्या मरे कंपनीकडे, मग 2005 पासून डेन्मार्कला. 2018 मध्ये डनहिल नावच या धंद्यातून उठलं आणि त्याच मिश्रणावर पीटरसन या पाइप कंपनीचं नाव आलं. नंबर तोच, कृती तीच असं सगळे सांगतात. मित्राच्या वडिलांच्या कपाटात बेलफास्टचा एक बंद डबा निघाला. तो त्यानं उघडून अर्धा संपवला आहे आणि त्याचं म्हणणं असं की नवी तंबाखू ही त्या तंबाखूची नुसती तसबीर आहे.

मी त्याच्याकडे जाऊन दोन्ही हुंगल्या. यात लटाकिया आहे, सायप्रसची, सुगंधी झाडाझुडपांच्या धुरावर धरलेली. गावच्या घरात चुलीवरच्या माळ्यावर पावसाळाभर पडून राहिलेल्या घोंगडीचा जो वास असतो, तो डब्याबाहेर सांडत होता. जुन्या डब्यात तो मंदावलेला, खालून गोडवा वर आलेला. नव्यात तो समोरच उभा. मला फरक स्पष्ट कळला. पण हा फरक कारखान्याचा की वर्षांचा? लटाकियाचा जोर वयानं उतरतो, व्हर्जिनिया मुरून गोड होते. नवा डबा वीस वर्षं बंद ठेवला तर तोही असाच निघेल, की नाही? मी हे म्हटलं तर मित्र चिडला. म्हणाला, बाबा ही ओढत होते तेव्हा ती नवीनच होती आणि तेव्हा पण घराला असाच वास यायचा. मला आठवतंय. आता आठवणीतल्या वासाशी तुलना कशी करणार? तो वास वाळवता येत नाही, ताटलीत पसरता येत नाही, बायकोला दोरा बांधायला सांगता येत नाही. पण तो खोटं बोलतोय असंही मला वाटलं नाही. कृती तीच ठेवून पान बदललं की मिश्रण बदलतं, आणि पान दर हंगामाला बदलतंच. कारखान्यातलं मिश्रण करणारं माणूस जे करतं तेही शेवटी हेच, या वर्षीच्या पानातून मागच्या वर्षीची चव उभी करायची. त्याच्याही डोक्यात आठवणच असणार.

आमचं भांडण तिथे थांबलं नाही, पार्ला स्टेशनच्या पुलावर सुद्धा चालू होतं. लोक ढकलून पुढे जात होते आणि आम्ही दोन पिकल्या केसांची माणसं लटाकिया लटाकिया करत होतो. शेवटी तोडगा निघाला तो असा: दोन्हींतली थोडी थोडी काचेच्या बाटल्यांत भरून, झाकणाला मेण लावून माझ्याकडे ठेवायची. पावसाळ्यात काही तपासायचं नाही. जानेवारीत, हवा जरा कोरडी झाली की, दोघांनी बसायचं, भरायला तिसऱ्या माणसाला बोलवायचं. त्यानं बाटल्या आणून दिल्या. जुन्याच्या बाटलीत त्यानं जेमतेम दोन पाइप भरतील एवढीच घातली आहे, नव्याची काठोकाठ. यावरून त्याचा निकाल आधीच लागलेला आहे असं मी त्याला फोनवर म्हटलं, तर तो म्हणाला, जुनी मुळात उरलीच किती. दोघांचंही बरोबर असावं. बाटल्या सध्या कपाटात वरच्या फळीवर आहेत, आणि बायकोनं त्या जिऱ्याच्या समजून स्वयंपाकघरात नेऊ नयेत म्हणून मी वर चिठ्ठी चिकटवली आहे.